व्यवसायाचा रकाना

बाबा,

शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात तुम्ही ‘वर्कशॉपचे मालक’ लिहिलंत. वर्कशॉप विकून दोन वर्षं झाली, आता तिथेच तुम्ही पगारावर वेल्डिंग करता. मालकाच्या मुलीची फी कॉलेज कशाला माफ करेल? म्हणून नवा फॉर्म आणून मी ‘वेल्डर’ लिहिलंय. पगाराचा दाखला कालच शेठकडून आणला, तुम्हाला कळू न देता.

फॉर्म डब्याखाली आहे. जेवायच्या आधी मुकाट्याने सही करा. चारला कॉलेजची खिडकी बंद होते. मी फॉर्मला लावायचा फोटो काढून येते. फी माफ होणार म्हणजे होणार!

शेवटच्या पानावर विचारलंय, ‘कारागिरीचं काही काम येतं का? कुणाकडे शिकलात?’ तिथे ‘वेल्डिंग’ आणि पुढे तुमचं नाव लिहिलंय. ते मात्र खोडायचं नाही.

तुमची ठिणगी