बिनतिखटाचं वरण

भूम
मंगळवार, ९ जून २०२६

ती. दीपालीताईंना,

अयोध्याचा वाकून नमस्कार. दाजींनाही सांगा.

रविवारी तुम्हाला दिलेली वाणाची पिशवी हॉटेलच्या गल्ल्यावर राहिली. ती तुम्ही विसरला नव्हतात, ठेवून गेला होतात, हे काल दाजींकडून कळलं. मी फोन केला होता, पिशवी एसटीनं लोहाऱ्याला पाठवू का म्हणून. दाजी म्हणाले, "अयोध्या, ती काय बी इसरत न्हाय, तुला ठावं हाय की." एवढंच. तुमच्या भावानं पिशवी हॉटेलातून आणली आहे. अनारसे, दिवा, ताट, सगळं जसंच्या तसं आहे.

इकडं सगळे बरे आहेत. समृद्धीची शाळा पुढच्या आठवड्यात उघडते, ती सहावीत गेली. ह्यांची पुण्याच्या गाडीवरची ड्युटी चालूच आहे, दोन दिवसांआड घरी असतात. माझ्याकडं आणखी सहा अंगणवाड्या वाढवल्या. सकाळी स्कूटी काढली की संध्याकाळीच परत. गावोगाव पोरांची वजनं बघायची, खिचडी चाखायची, सेविकांना सांगायचं की पोरांना ताजं आणि गरम घाला. हे लिहिताना सुद्धा कसं वाटतंय ते मी सांगत नाही, तुम्हीच समजून घ्या.

रविवारबद्दल लिहायचं आहे.

धोंड्याचं जेवण हॉटेलात द्यायला नको होतं. हा महिना तीन वर्षांनी येतो. मागच्या वेळी आई होत्या. त्यांनी तुम्हाला आणि दाजींना पाटावर बसवून धोंडे वाढले होते आणि दाजींनी तूप मागून मागून त्यांना दमवलं होतं. आई गेल्यावरचा हा पहिलाच धोंड्याचा महिना. तुम्ही लोहाऱ्याहून निघायचं, धाराशिवला गाडी बदलायची, उन्हात चार-पाच तास काढायचे, आणि माहेरी म्हणून उतरल्यावर मी तुम्हाला रिक्षात घालून परस्पर बार्शी रोडवरच्या हॉटेलात न्यायचं! घराचा उंबरासुद्धा दाखवला नाही.

स्टँडवर मी सांगितलं, गॅसची टाकी संपली. दाजी हसले. म्हणाले, "टाकी संपली तर तीन दगडं मांड की! आपल्या आया मेंढरांमागं हिंडताना माळावर पुरण शिजवायच्या. धनगराची सून हायेस का कलेक्टरची?" तुम्हीही हसलात. म्हणालात, "असू दे हो, तिला दमायला होतं. ताट कुणी का वाढंना, बोलावणारी आपली हाय." ते वाक्य मला तेव्हाच टोचलं होतं.

टाकी संपली नव्हती. शुक्रवारीच नवी आली होती.

मला वेळ नव्हता, असं मी ह्यांना सांगितलं होतं. तेही अर्धंच खरं. शनिवारी बैठक होती, पण चारला सुटले होते. हरभऱ्याची डाळ घरात होती, गूळ होता. मी डाळीचा डबा ओट्यावर काढून ठेवला आणि तशीच उभी राहिले. मग हॉटेलात फोन लावला. आधी दुसरीकडं लावला होता, नव्या पेट्रोल पंपाजवळ. तिथं म्हणाले, महिन्यातले सगळे रविवार भरले, सगळे जावई आमच्याकडंच. मग या हॉटेलात लावला. इथं लावायला नको होता. ओळखीचं कुणी भेटेल हे मला कळायला हवं होतं. वाटलं, इतके दिवस झाले, माणसं बदलली असतील.

आपल्या टेबलाकडं तिथला जुना वाढपी महांतेश ताटं घेऊन आला तेव्हा मी मान खाली घालून समृद्धीची वाटी सरकवत बसले. तो काय बोलला ते तुम्ही ऐकलंच आहे. मी ते पुन्हा लिहिणार नव्हते. पण ते टाळून लिहिलेल्या पत्राला अर्थ नाही.

"वहिनी! लई दिसांनी! आजी कशा हायत?"

मी वाटी सरकवतच राहिले. त्याला वाटलं, ऐकू आलं नाही. तो तुमच्याकडं बघून म्हणाला, "ह्यांच्या सासूबाई वो. वरीसभर डबा जायचा आमचा. दुपारचा आन् रातचा. बिनतिखटाचं वरण म्या सोता बाजूला काढत हुतो, आचारी इसरायचा."

तुम्ही विचारलं, "कुणाचा डबा?"

"आजींचा. परसराम पोचवायचा सायकलवर. एकदा त्याच्याजवळ निरोप धाडला हुता बघा त्यांनी, दुधात कुस्कराय मऊ भाकर मिळंल का म्हणून. आचाऱ्यानं केली बी दोनदा. पण घरी जाईस्तवर चिवट व्हायची. दात न्हवतं ना त्यांना. मग नको म्हणल्या."

ह्यांनी त्याला सांगितलं, आई वारल्या, सव्वा वर्ष झालं. तो बिचारा ताटं हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग धोंडे वाढून गेला.

तुम्ही धोंडा मोडलात, तूप घातलंत, आणि समृद्धीच्या ताटात ठेवलात. पाणी प्यायलात. दाजींना म्हणालात, "जेवा तुम्ही सावकाश, गाडीला येळ हाय." ते कसले जेवतात!

ताई, त्या भाकरीच्या निरोपाचं मला माहीत नव्हतं. मी देवाशप्पथ सांगते, पण माहीत नव्हतं म्हणून काही हलकं होत नाही, उलट झालंय. परवापासून एकच डोक्यात आहे. आई आतल्या खोलीत पडून असायच्या, माझा ओटा तिथून दिसायचा, मी रोज त्यांच्यासमोर यायचे-जायचे. भाकरी हवी हे त्यांनी मला नाही सांगितलं. सायकलवरच्या परसरामला सांगितलं.

आता सगळंच सांगते.

आईंचं खुब्याचं हाड मोडलं आणि त्या अंथरुणाला खिळल्या, त्याच्यानंतर दोन-तीन महिने मी करत होते. सकाळी उठून भाकरी, वरण-भात, दुपारसाठी झाकून ठेवायचं. मग सर्व्हे आला, निवडणुकीची कामं आली. एक दिवस पार्सल आणलं, दुसऱ्या दिवशी आणलं, मग महिन्याचा डबाच लावला. आधी फक्त आईंसाठी. मग आम्ही तिघंही बरेचदा बाहेरचंच खायला लागलो. समृद्धीला तर वाटतं, पोळी ही फॉइलमध्येच तयार होते.

डबा लावल्याचं मला तितकं वाईट वाटत नाही. माणसाला दोनच हात असतात. पण मी ते लपवलं. परसरामला सांगितलं होतं, मागच्या दारानं ये, घंटी वाजवू नको. वरण पातेल्यात ओतायचे आणि वरून पुन्हा जिरं-लसणाची फोडणी द्यायचे, म्हणजे घरभर वास सुटेल आणि त्यांना वाटेल, सून स्वयंपाक करतेय. एकदा आतून आवाज आला, "अयोध्या, आज वरणाला दोनदा फोडणी दिलीस व्हय गं?" आणि हसल्या. मीही हसले. तेव्हाही मी समजून घेतलं नाही, की त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं कळत होतं.

तुमचा रोज संध्याकाळी फोन यायचा. "आई जेवली का? काय केलंस?" मी एकेक सांगायचे. आज भाकरी-दूध. आज मेथीचं वरण. आज कोवळी दोडकी मिळाली, मऊ शिजवून दिली. मला ते सांगताना अडखळायलाही व्हायचं नाही. मग तुम्ही म्हणायचा, फोन दे तिच्याकडं. आणि आई फोन कानाला लावून म्हणायच्या, "व्हय, जेवले. सुनंनं भाकर केलती, लई मऊ. तू नको काळजी करू." माझ्याकडं बघत म्हणायच्या. डोळ्यांत राग नसायचा. तो असता तर बरं झालं असतं.

शेवटचं राहिलंय.

मागच्या मागच्या दिवाळीत तुम्ही आईंना न्यायला आला होतात. गाडी करून, गादी टाकून. म्हणालात, "चार महिने माझ्याकडं राहू दे, मी घरीच असते, तुलाबी जरा मोकळीक." मी नको म्हणाले. म्हणाले, "इथं त्यांना काही कमी नाही ताई, भाकरी-दूध वेळेवर मिळतं." तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तुझ्यासारखी सून मिळाली, नशीब माझ्या आईचं." आणि रिकामी गाडी घेऊन परत गेलात.

मी नको का म्हणाले? प्रेमापोटी नाही. सासू लेकीकडं धाडली, सुनेला जड झाली, असं गल्लीत म्हणतील म्हणून. सासू आजारी आहे हे कारण देऊन मी माझी बदली तेव्हा थांबवून घेतली होती, तेही एक होतं. आणि तुमच्याकडं गेल्या असत्या तर चार दिवसांत तुम्हाला कळलं असतं, म्हणून.

त्यानंतर माघात त्या गेल्या. ते तीन-चार महिने तुमचे होते, ताई. तुमच्या तव्यावरच्या गरम भाकरीचे होते. मी ते ठेवून घेतले आणि त्यांना डब्यातली पोळी घातली.

म्हणून शनिवारी मी डाळ शिजवली नाही. तुम्ही घरी आला असतात, आतल्या खोलीत बसला असतात, आणि पुरण वाटता वाटता विचारलं असतंत, आई शेवटी काय काय मागायची गं? नेहमी विचारता तसं. मला तुमच्यासमोर आईंच्या खोलीत बसून पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं. आणि खरं बोलायची छाती नव्हती. हॉटेलात गर्दी असते, तिथं कुणी असं विचारत नाही, हा हिशेब मी केला होता.

फोन तुम्ही उचलत नाही. उचलू नका. फोनवर मी तुमच्याशी वर्षभर खोटंच बोलले, आता त्याच फोनवर खरं सांगितलं तरी तुम्हाला ते कसं वाटेल! म्हणून कागद घेतला. ह्यांना वाचून दाखवलं. त्यांना डब्याचं माहीत होतं, तुमच्याशी मी काय बोलायचे ते माहीत नव्हतं. ते उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळानं आले आणि म्हणाले, "जसं हाय तसं धाड." त्यांच्यावर राग धरू नका. तुम्ही त्यांची थोरली बहीण आहात, तुमच्याशिवाय त्यांचं आता कोण आहे?

मी बदलले वगैरे काही लिहीत नाही. रविवारी संध्याकाळी भाकरी केल्या. पहिल्या दोन थापतानाच फाटल्या. समृद्धी म्हणाली, "मम्मी, हा कुठल्या देशाचा नकाशा आहे?" खाल्ली मात्र. सोमवारी पुन्हा उशीर झाला, पुन्हा पार्सल आणलं. पण फोडणी दिली नाही. फॉइल ताटात उघडलं आणि तसंच खाल्लं.

महिना संपायला एकच रविवार उरलाय. नाहीतर पुढं तीन वर्षं. हे मी तुमच्यावर दडपण आणायला लिहीत नाही, तुम्हालाही पंचांग माहीत आहे. तुम्ही नाही आलात तर माहेर तुटलं असं मी समजणार नाही, मी ते आधीच तोडलंय असं समजेन. पण तुमचा भाऊ तुम्हाला हवाय आणि त्याला तुम्ही. माझ्यामुळं ते जाऊ नये.

दाजींशी बोलले. ते म्हणाले, "ती येईल का न्हाय, म्या काय सांगू? तू कागद धाड. ती वाचंल, मग शनवारी कळवतो." तर शनिवारपर्यंत मी वाट बघते. ह्यांनी रविवारची रजा टाकली आहे. सकाळच्या धाराशिवच्या गाडीला ते स्टँडवर थांबतील, दाजींनी कळवलं असो वा नसो.

डाळ मी पहाटे शिजायला घालेन. शेजारच्या काकू मदतीला येते म्हणाल्या, त्यांना नको म्हटलं. धोंडे उकडताना फुटतील, पुरण पातळ होईल, ते मला दिसतंच आहे. तुम्ही आलात तर आतल्या खोलीत बसा. आणि विचारा, आई शेवटी काय मागायची. जेवणाआधी विचारा. मला माहीत आहे ते सगळं सांगेन, आणि जे मी कधी विचारलंच नाही, ते विचारलं नाही म्हणून सांगेन. मग जेवायचं का उठायचं, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या आईंची सून,
अयोध्या