लॉरेनची निळी सायकल

५ नोव्हेंबर, सोमवार

लॉरेनच्या सायकलची फ्रेम गेली! पेडलांच्या वर जिथे नळ्या एकत्र येतात तिथे रंगाला फुगा आला होता. सहज नखाने खरवडला तर नख आत गेलं. इतक्या हिवाळ्यांत बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ – झिरपत झिरपत आतून खाऊन गेलं. बाहेरून पाहिलं तर काही कळत नाही. मनात जी तुलना आली ती लिहीत नाही.

तसे ब्रेकही आता पुरे पडत नव्हते. पावसात चाकाची रिम भिजली की रबराला पकडायला वेळ लागतो. म्हणून आधीपासून दाबत यायचं असतं. आणि हे ‘आधीपासून’च आता तिला जमेना. शुक्रवारी हॉस्पिटलच्या उतारावर मला मागे टाकून, लाल दिवा ओलांडून पार मध्यात जाऊन थांबली. बसवाल्याने काच सरकवून तोंड सोडलं. मी धापा टाकत पोचलो तर मला विचारते, “कुणाला बोलत होता रे तो?”

वसंतात डॉक्टरांनी तिचं गाडी चालवणं बंद केलं. बसने जायचं तर दोन बदलाव्या लागतात. ऑगस्टमध्ये ती दुसरी बस चुकून भलत्याच गावाला, रॉदरहॅमला, जाऊन बसली होती. पण सायकलवर माझ्या मागे मागे येते ती बरोबर येते. दोघंही हॉस्पिटलात कामाला – मी यंत्रांच्या दुरुस्तीला, ती तळमजल्यावर धुलाईखात्यात. चादरींच्या घड्या तिच्याइतक्या सरळ तिथे अजून कुणाच्या येत नाहीत, म्हणून तर तिला ठेवून घेतलंय. सायकल सुटली की काम सुटलं. काम सुटलं की दिवसभर घरात एकटी. आणि मग डॉक्टर आवाज उतरवून म्हणाले होते ती ‘पुढची व्यवस्था’.

तेव्हा नवी फ्रेम. डिस्क ब्रेकची. बारा महिने चालेल अशी.

११ नोव्हेंबर

केरीचा लीड्सहून फोन. “बाबा, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? आईला सायकलवरून उतरवायची वेळ आली, आणि तू तिला नवीन घेतोयस?”

हो म्हटलं. मग पोरगी म्हणाली, “हेल्मेट घालते ना ती?”

१७ नोव्हेंबर, शनिवार

फ्रेम बनवणाऱ्या हॅटर्स्लीकडे गेलो. दोघंही. त्याची कामाची खोली अजून तशीच – भट्टी, नळ्या, आणि चहाचे कप जे कधी धुतले जात नाहीत. लॉरेनची ही गंजलेली फ्रेम त्याच्या वडिलांनी जोडलेली. आम्हाला पाहून म्हणाला, “या! शेफील्डातल्या सगळ्या चढांचे मालक आले!”

मी सांगितलं काय हवं ते. त्याचं सुरू झालं – “टायटॅनियम घे, गार्थ. गंजायचं नाव नाही. मिठाला म्हणावं खा किती खायचं ते. तुम्ही दोघं जाल पण फ्रेम राहील.”

आणि मग फडक्याला हात पुसत बसला. त्याला ठाऊक आहे. सगळ्यांनाच ठाऊक आहे.

“किती वर्षं चालायला हवी तशी?” त्याने हळूच विचारलं.

सायकल घेताना माणूस असं कधी मोजतो का?

मग त्याने आपलं सुचवलं – जोडसायकल घे, तू पुढे, ती मागे, ब्रेकची भानगडच नको. लॉरेन भिंतीवर टांगलेल्या नळ्या बघत होती. आम्हाला वाटलं लक्ष नाही. वळून म्हणाली, “मी काय पोतं आहे, मागे बांधून न्यायला?”

हॅटर्स्ली कानापर्यंत लाल झाला. मला हसू आलं. घरी येईपर्यंत हसू येत होतं आणि घरी आल्यावर रडू.

२२ नोव्हेंबर

कार्बन नको. ती हल्ली सायकल टेकवते कुठेही – खांबाला, कुंपणाला, हवेला. एकदा पडून तडा गेला आणि दिसला नाही तर? अ‍ॅल्युमिनियम नको, तिच्या मनगटांना धक्के सोसत नाहीत. टायटॅनियमला हॅटर्स्ली फार वेळ लावेल, आणि वेळ हीच तर अडचण आहे. म्हणजे फिरून स्टील. आतून गंजरोधक थर द्यायचा. जाड टायर बसतील इतकी जागा, आणि वर मडगार्ड पूर्ण लांबीचं.

लोकांना दागिने निवडताना असं होत असेल. मला फ्रेमची चित्रं बघताना होतंय. एवढं एक जरी बरोबर निवडलं तर सगळं जागेवर राहील असं वाटतं.

१ डिसेंबर, शनिवार

वाचलो.

हॅटर्स्लीला तयार करायला महिना लागणार म्हणून गावातल्या मोठ्या दुकानात एक तयार सायकल बघायला गेलो. डिस्क ब्रेक, ब्रेकच्या सगळ्या नळ्या फ्रेमच्या पोटात लपवलेल्या, दिसायला देखणी. दुकानातला पोरगा म्हणाला, मागच्या गल्लीत चालवून बघा. लॉरेन चढली, चार पेडलं मारली, डाव्या हाताने ब्रेक दाबला – आणि पुढचं चाक जागच्या जागी थांबलं! मागचं चाक वर! कशी सावरली देव जाणे. एक पाय टेकून उभी राहिली, पांढरीफटक.

जर्मनीतून जोडून आलेली. तिकडे पुढचा ब्रेक डाव्या हाताला. आपल्याकडे उजव्या. दुकानवाल्याने बघितलंच नव्हतं, आणि मीही बघितलं नाही, जन्मभर सायकली हाताळून! बदलायचं म्हटलं तर लपवलेल्या नळ्या सगळ्या बाहेर काढाव्या लागणार.

मी त्या माणसावर ओरडायला तोंड उघडलं तेवढ्यात लॉरेन त्याला म्हणाली, “बाळ, ब्रेक उलटे बसवलेत तुम्ही. कुणीतरी तोंडावर पडेल.” अगदी शांतपणे. वाक्य पूर्ण, शब्द एकही न चुकता.

परत येताना सारखं मनात येत होतं – हातांना आठवतं. काल काय जेवलो ते तिला आठवत नाही पण कोणता हात कोणत्या चाकाचा हे तिचे हात विसरलेले नाहीत. हातांच्या भरवशावर अजून पुष्कळ वाट काढता येईल.

हॅटर्स्लीला फोन केला. म्हटलं, तूच कर. ब्रेकच्या नळ्या बाहेरून. पुढचा ब्रेक उजवीकडे. लिव्हर तिच्या बोटांना जवळ.

“बाकी काय?” म्हणाला.

बाकी काही नाही.

८ डिसेंबर

रंग विचारायला गेलो. मी धरूनच चाललो होतो की लाल – तिची जुनी उकडलेल्या बिटासारखी लाल, पहिल्या दिवसापासून. हॅटर्स्लीने रंगांच्या पट्ट्या पुढे ठेवल्या. लॉरेनने एकही मिनिट न घालवता बोट ठेवलं. निळा.

“नक्की?” मी विचारलं.

“जन्मभर लाल चालवली. तू कधी विचारलंस का मला आवडतो का?”

नव्हतं विचारलं. निळा तर निळा! तिने स्वतः काहीतरी निवडलं, ते पण इतक्या ठसक्यात, याचाच मला आनंद. कितीतरी दिवसांनी आम्ही चिप्स खात खात बाजारातून चालत घरी आलो.

२५ डिसेंबर

केरी आली होती. लॉरेनने भाजलेले बटाटे दोनदा ओव्हनमध्ये घातले.

५ जानेवारी

तयार झाली. सुंदर आहे! दुसरा शब्द नाही. जुनी फ्रेम तिथेच ठेवली – हॅटर्स्लीच्या ओळखीतले लोक जुन्या सायकली, सुटे भाग गोळा करून आफ्रिकेत, गॅम्बियाला पाठवतात. म्हणाला, भोक बुजवून देतो, तिकडे कुठे मीठ टाकतात रस्त्यावर. बरं वाटलं.

७ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस. गारठा, वरून अर्धवट बर्फाचा पाऊस. हॉस्पिटलचा उतार लागला. आजवर मागून तिच्या रिमवर रबर घासल्याचा आवाज यायचा, त्यावरून कळायचं की आहे, येतेय. आज काहीच आवाज नाही. वळून बघायचा धीर होईना. दिव्यापाशी थांबलो – आणि ती माझ्या शेजारी, पांढऱ्या रेषेच्या आत, एक पाय टेकवून.

“काय बघतोयस?” म्हणाली. “दिवा लाल आहे.”

जिंकलो. आज लिहून ठेवतो, जिंकलो.

१० जानेवारी

संध्याकाळी हॉस्पिटलच्या सायकलशेडमध्ये लॉरेन बुटक्या भिंतीवर बसलेली. रडून डोळे सुजलेले. पहारेकरी शेजारी उभा. म्हणाला, “बाईंची सायकल चोरीला गेली म्हणताहेत.”

निळी सायकल समोरच उभी होती. कुलूप लावलेलं, किल्ली तिच्याच खिशात.

“ही नाही रे,” ती म्हणाली. “माझी लाल आहे.”

१४ जानेवारी

पुन्हा चोरी.

१५ जानेवारी

पुन्हा. सकाळी घरून निघताना काही नसतं – मी सायकल हातात देतो, ती बसते. पण संध्याकाळी स्वतः शोधायची वेळ आली की लाल शोधते. दर वेळी पहिल्यांदाच गेल्यासारखी. दर वेळी तेवढंच रडू. समजावून सांगितलं की आधी संशयाने बघते, मग अपराधी होते, आणि ते रडण्यापेक्षा वाईट.

ब्रेक, टायर, मडगार्ड, नळ्या, हात – सगळ्याचा विचार केला मी! ती सायकल ओळखते कशावरून, एवढा एक केला नाही.

१८ जानेवारी

आज खोटं बोललो. म्हटलं, लाल दुरुस्तीला टाकलीय, ही दुकानातून उसनी आणलीय. लगेच डोळे पुसले. “मग जपून चालवायला हवी,” म्हणाली. आणि खरंच, काय जपून चालवली! घरी आल्यावर फडक्याने पुसून ठेवली. त्यांचे आभार मान म्हणाली.

आता रोज हेच बोलायचं. चालतं आहे.

२६ जानेवारी, शनिवार

हॅटर्स्लीकडे धावलो. जुनी फ्रेम? गेली. कंटेनर नाताळानंतरच्या खेपेचा होता. त्याने फोन लावून बघितला, सुटला म्हणाले. त्याचं तोंड बघवेना. “मी ठेवून घ्यायला हवी होती, गार्थ.” त्याने का म्हणून? मीच दिली.

मग म्हणाला, “आण ही. लाल करून देतो. हुबेहूब. बापाचा रंग अजून डब्यात आहे.”

का सुचलं नाही हे! पुढच्या शनिवारी न्यायचं ठरलं.

२ फेब्रुवारी

नेली नाही.

सकाळी सायकल दाराबाहेर काढत होतो. लॉरेन चहाचा कप घेऊन दारात आली. आज चांगला दिवस होता तिचा, डोळे स्वच्छ. कुठे नेतोस विचारलं. खोटं बोलायची इतकी सवय लागलीय, पण आज नाही बोलवलं. म्हटलं, लाल करून आणतो.

“का?”

“तुला ओळखायला सोपी पडेल.”

कप उंबऱ्यावर ठेवून सायकलपाशी आली. मग म्हणाली, “निळी राहू दे. मी निवडलीय ना ती? मला आठवतंय. चिप्स खाल्ले होते आपण.”

मी सायकल परत आत घेतली. ओट्यापाशी उभा राहून तिच्याकडे पाठ करून रडलो. तिने पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “इतकं काय? रंगच आहे.”

४ फेब्रुवारी

संध्याकाळी भिंतीवर बसली होती. सायकल चोरीला गेली म्हणाली.

१७ फेब्रुवारी

केरी येऊन गेली. आईला उतारावर ब्रेक मारताना तिने बघितलं. मागाहून स्वयंपाकघरात मला म्हणाली, “बाबा, माझ्यापेक्षा बरी चालवते.” फोनवरचं बोलणं परत काढलं नाही. जाताना मात्र मला जरा जास्तच वेळ धरून उभी राहिली.

धुलाईखात्याच्या बाई म्हणाल्या, घड्या अजून सरळ येतात. फक्त हल्ली लॉरेन त्यांना रोज सकाळी आपलं नाव सांगते. नवीन लागल्यासारखी.

१ मार्च, शुक्रवार

संध्याकाळी शेडमध्ये आलो तर आज रडत नव्हती. निळ्या सायकलीभोवती फिरून फिरून बघत होती. लिव्हरवर बोटं ठेवून पाहिली, पुरतात का. मडगार्ड कुठपर्यंत येतं ते वाकून पाहिलं. माझी चाहूल लागली तशी चोरी पकडली गेल्यासारखी मागे सरली.

“माफ करा हं, हात लावला,” म्हणाली. “फार विचार करून घेतलेली दिसते. बायकोसाठी घेतलीत?”

हो म्हटलं.

“आवडली का त्यांना?”

विचारून सांगतो, म्हणालो.