थर्माकोलच्या चाळीस पाट्या पाठवणाऱ्या थोरल्या भावास

नारिन,
जानेवारीचा तिसरा आठवडा

आदरणीय थोरले भाऊ शामिलबाइके यांस धाकट्या ओरोझचा सलाम.

तुम्ही, वहिनी आणि मुलं बिश्केकच्या धुरात खुशाल असाल, तुमचा गुडघा दुखायचा थांबला असेल. इकडे आई ठणठणीत आहे, गाय आज-उद्या विईल, बाहेर उणे एकतीस आहे आणि मी तुमच्यावर भयंकर रागावलो आहे. हे शेवटचं मी पहिल्या ओळीत लिहिणार होतो, पण माझी बायको नाझगुल म्हणाली, थोरल्या भावाला आधी तब्येत विचारायची असते. विचारली.

ऑक्टोबरात मी फोनवर एवढंच म्हणालो होतो की गॅरेजातल्या थंडीत सरस धरत नाही, कोमुझवर बसवलेली पातळ फळी तडकते, गेल्या हिवाळ्यात पाच कोमुझ तारा चढवून वाजवण्याआधीच वाया गेले. ही तक्रार होती, बाइके. सल्ला मागितला नव्हता. गॅरेज उबदार करावं की करू नये याचा मी अकरा वर्षं विचार करत होतो, आणि मध्ये कोणी पडलं नसतं तर आणखी अकरा वर्षं सुखाने केला असता. (विचार करायला सरस लागत नाही.) पण तुम्ही आठवड्याच्या आत पिठाच्या ट्रकवर थर्माकोलच्या चाळीस पाट्या चढवून दिल्यात. त्यातली एक वासराने दारातच खाल्ली. उरलेल्या मी भिंतींना ठोकल्या, आत जाऊन बसलो, आणि तासाभराने माझ्या मिशा गोठल्या.

शेजारचा इशेनबाय (ट्रॅक्टर दुरुस्तीतून निवृत्त झाल्यापासून तो माझीच दुरुस्ती करतो) न बोलावता आला, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाला, "आत शेगडी आहे?" मी म्हटलं, नाही. "मग गोधडी कोणाला घालतोयस? मुडद्यावर टाकली तर तो काय घाम पुसत उठणार आहे?" हे तो माझाच चहा पीत म्हणाला.

शेगडी आणली, मागे पत्रा लावला. मग भिंतींना घाम फुटला, जर्दाळूचं लाकूड फुगलं, कोमुझच्या खुंट्या फिरेनात. मी इतक्या कष्टाने बंद केलेल्या भिंतीला इशेनबायने हवेसाठी भोक पाडायला लावलं. ते पाडलं, आणि अखेर गॅरेज उबदार झालं. त्याचं सुख मला नेमकं दोन तास मिळालं. तिसऱ्या तासाला नाझगुलने दह्याचं पातेलं आणि भिजवलेली कणीक आणून ठेवली, इशेनबायने बुद्धिबळाचा पट मांडला, आणि उशी बगलेत मारून आई आली. चार हिवाळे जी खोलीबाहेर पडली नाही ती आई.

आता मुद्द्याचं. आई रोज सकाळी येऊन बसते आणि माझ्या कामात चुका काढते. गेल्या मंगळवारी मी चिडून म्हणालो, "बाबांसारखा हलका हात माझा नाही, मान्य. पण तुला त्यातलं काय कळतं?" तिने माझ्या हातातली फळी घेतली, काचेच्या तुकड्याने खरवडत बसली, उजेडाकडे धरून बघायची आणि पुन्हा खरवडायची. दुपारी फळी परत दिली. मी ती चिकटवली, दुसऱ्या दिवशी तारा चढवल्या आणि छेडल्या. बाइके, इशेनबायने हातातला चहा खाली ठेवला. तो आवाज बाबांच्या कोमुझचा होता.

"तुझे बाबा खोड कोरायचे," आई म्हणाली. "फळी मीच तासायचे, तुम्ही पोरं झोपल्यावर. तेव्हा काम घरात, चुलीजवळ चालायचं. ते गेले, तू सामान गॅरेजात नेलंस."

मी म्हटलं, "मग आजवर सांगितलं का नाहीस?"

"त्या गारठ्यात येऊन सांगू? आणि विचारलंय कोणी?"

बाबा गेल्यापासून तीस वर्षं मी त्यांचा हात गिरवतोय. धाकटा म्हणून आपल्या रीतीप्रमाणे घर आणि आई दोन्ही माझ्याकडे, आणि तिला एवढंही विचारलं नाही. याचा राग कोणावर काढायचा हे मला कळत नाही, म्हणून तूर्तास तुमच्यावर काढतो आहे. तुमच्या पाट्या उपटून पुढच्या ट्रकने परत पाठवीन, हे पक्कं समजा.

तुमचा,
ओरोझ

ता. क. पाट्या परत येणार नाहीत. छत अजून उघडं आहे, आईचे पाय गारठतात. आणखी वीस पाठवा. या वेळी वासराला बांधून ठेवतो.

ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण : कोमुझवर बाबांच्या नावाचा जो लोखंडी ठसा तापवून उमटवतो, तसा एक आईच्या 'सायरा' या नावाचा शहरातून घडवून आणा. तिने मागितलेला नाही, पण रोज तयार कोमुझ उलटा करून बाबांच्या नावावर अंगठा फिरवते. शेजारी माझंही नाव असावं का, असं मी सहज विचारलं, तर म्हणाली, "घाई काय आहे, अजून शिकतोयस."