खंडेनवमीला काढलेली मंदी

ती. हिंदुराव दाजींना ज्योतीरामचा दिघीहून साष्टांग नमस्कार.

आपले गुडघे आणि ताईचा दमा ताब्यात असतील असे धरून चालतो. आम्ही मजेत आहोत. आपल्या चिरंजीव ओंकारच्या नोकरीचे मी जवळजवळ वाटोळे केले होते, पण आधी सगळे शांतपणे वाचा.

आमच्या चाकणच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीला मशिनी पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा होते. यंदा पूजेनंतर मालक बबनराव नवे मशीन घेत असल्याचे जाहीर करून नारळ फोडणार होते (ओंकारला त्याच मशीनवर घ्यायचे ठरले होते). प्रसाद यायला वेळ होता, म्हणून ते म्हणाले, "ज्योतीराम, दोन शब्द बोला." दाजी, दोन शब्दांत मी आजवर पाणीसुद्धा मागितलेले नाही. मी १९२९ची जागतिक मंदी काढली. उसन्या पैशांवर शेअर घेणारे लोक, गिऱ्हाइकाच्या ऐपतीबाहेर माल काढणारे कारखाने, बुडालेल्या बँका, कामासाठीच्या रांगा. आणि पुढे सुबत्ता आली तरी सुतळीचा तुकडाही न टाकणारी ती पिढी! टाळ्यांसाठी थांबलो, तर सगळे बबनरावांकडे पाहत होते. २००८ साली त्यांच्या निम्म्या मशिनींवर ताडपत्री पडली होती. तेव्हापासून वर्कशॉपात 'मंदी' हा शब्द कुणी काढत नाही (मला ठाऊक होते, पण भाषणाच्या भरात मी कुणाचाच राहत नाही). त्यांनी नारळ तसाच पिशवीत घातला. "मशीन पुढच्या वर्षी बघू."

घरी आमच्या सौ. मंजुळाबाईने भाकरी वाढताना विचारले, "ती मंदी पुढं संपली का न्हाई?"

"संपली की."

"मग ते कुणी सांगायचं? नारळानं?"

दुसऱ्या दिवशी दसऱ्याचे सोने द्यायला म्हणून बबनरावांकडे गेलो आणि उरलेले भाषण दारातच केले. मंदी कशानेही येवो, मुक्काम करते ती भीतीने! सगळ्यांनी हात आखडले की कुणाच्याच हाताला काम उरत नाही. घाबरून साठवणारा माणूस शेजाऱ्याची चूल विझवतो! बबनरावांनी तिथेच नारळ फोडला. ओंकारला सोमवारी पहिल्या शिफ्टला पाठवा.

आपला,
ज्योतीराम

ता. क. बबनराव माझ्या विचारांनी पालटले असे वर वाटेल. खरे म्हणजे "आता त्या मंदीत काढलेल्या धरणांच्या आणि रस्त्यांच्या सरकारी कामांकडे वळू," असे मी म्हणताच त्यांनी घाईने नारळ मागवला.

आणखी ता. क. ओंकारबरोबर घरच्या तूरडाळीचे एक पोते पाठवा. दोन असतील तर दोन. भीती वगैरे काही नाही, पलंगाखाली जागा आहे इतकेच. पोत्यांवर मात्र 'पुस्तके' असे लिहा. शेजाऱ्यांनाही मी ते भाषण ऐकवलेले आहे.