तुझा उजवा पाय

मुकुल,

आज तू मला ‘मॅडम’ म्हणालास. तीन वर्षं ज्या तोंडाने ‘ए दीपे’ अशी हाक मारायचास, त्याच तोंडाने! क्षमाला माझा मुलुंडचा डान्स क्लास इन्स्टावर सापडला, तिला आपलं काहीच माहीत नाही. पण दारात मला बघून तू तरी परत फिरायचं ना रे!

तुमच्या रिसेप्शनचा कपल डान्स मी मुद्दाम संथ गाण्यावर बसवला. त्यात तुझी वाट लागणार, हे मला ठाऊक होतं. गावच्या गणपतीत जाखडी नाचत मोठा झालेला तू. सम आली की तुझा उजवा पाय धाडकन आपटतोच. आपण नाचायचो तेव्हा त्या पायावरून किती ओरडायचे मी! तू बिचारा सॉरी म्हणायचास.

आजही आपटलास. क्षमा दचकली. ती आता वैतागेल म्हणून मी आरशात तिचं तोंड बघत राहिले. खोटं कशाला बोलू, मला तेच हवं होतं.

ती खळखळून हसली. “मॅडम, हे ठेवूया ना! मलापण शिकवा.” आणि पुढच्या समेला तिनेही तुझ्याबरोबर पाय आपटला. तू केवढा खुलून हसलास! माझ्याबरोबर नाचताना तसा कधीच हसला नव्हतास.

स्टेप ठेवलीये. झकास दिसते. हे पत्र मात्र बॅचच्या वहीतच राहील.

तीन वर्षांत आपणही एकदा पाय आपटून बघावा, हे मला कसं सुचलं नाही रे?

रविवारी दहाला या, दोघंही.

– मॅडम