खुर्ची कुठे झिजते

३ नोव्हेंबर, सोमवार

अखेर खोकी आली. दादाचा अख्खा जन्म एका टेंपोत मावला! टेंपोवाला म्हणे, ‘बाई, सारखं हळू-हळू करताय, आहे काय एवढं यात?’ म्हटलं, फर्निचर. त्याने एक खोकं एका हाताने उचललं आणि माझ्याकडे असं पाहिलं की काही विचारू नका. बाहुलीघरातलं फर्निचर, हे समजावून सांगायचा मला आता कंटाळा येतो. लोक आधी हसतात, मग ‘मुलांसाठी का?’ विचारतात.

घाईसाहेब, म्हणजे आमच्या संग्रहालयाचे संचालक, लगेच खाली धावत आले. दादाच्या नावाचं दालन पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला उघडायचंय. ‘तपासणी तेवढी उरका, बाई.’ उरका म्हणे! धुणं आहे का हे? मी म्हटलं, भावाचा संग्रह बहिणीने तपासायचा, बरं दिसेल का? तर म्हणाले, ‘त्यांचीच अट आहे. तपासेल तर धाकटीच, नाहीतर देत नाही.’

ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले.

५ नोव्हेंबर, बुधवार

पाळणा, जेवणाचं टेबल, आरशाचं कपाट झालं. सगळं अस्सल. डावऱ्याचा हात काही लपत नाही.

डावरा कोण, कुठला, कुणालाच माहीत नाही. वस्तूंवर ना नाव ना शिक्का. लिलावांतून, भंगारातून, कुणाकुणाच्या माळ्यांवरून विखुरलेल्या या वस्तू एकाच माणसाने केल्या आणि तो माणूस डावखुरा होता, हे दादाने ओळखलं. उलटं करून बघितलं की पटाशीचे घाव भलत्या अंगाला झुकलेले दिसतात. आधी सगळे जाणकार त्याला हसले. घाव कसेही पडतात म्हणे! मग दादाला ती आरामखुर्ची मिळाली. एका जुन्या फोटोत ती याच पाळण्याशेजारी, याच टेबलाशेजारी मांडलेली दिसते, आणि खाली तेच उलटे घाव. एक संच, एक हात! हसणाऱ्यांची बोलती बंद झाली. दादाचं पुस्तक, मान, नाव, सगळं त्या चार बोटं उंच खुर्चीवर उभं आहे.

ती मी कधी हातात घेतलेली नाही. घरी काचेत असायची. दादाशिवाय कुणी हात लावायचा नाही, वहिनींनीसुद्धा नाही. शेवटी बघणार आहे. चांगलं ते शेवटी खायची माझी खोड आहे.

७ नोव्हेंबर

दादाकडे जाऊन आले. नळी आता दिवसभर नाकात असते. बोलतो, मग दम खातो, मग पुन्हा बोलतो. डॉक्टरांनी वहिनींना बाहेर नेऊन सांगितलं ते सांगितलं. वहिनी मला सांगताना पदराला बोट गुंडाळत होत्या.

‘कुठवर आलीस?’

‘टेबलापर्यंत.’

‘खुर्ची?’

‘शेवटी.’

‘शेवटी कशाला? आधी बघ.’ मग खोकला. मग म्हणाला, ‘भाऊ म्हणून सूट द्यायची नाही, कळलं?’

मी म्हटलं, तूच शिकवलंयस, तुझीच विद्या तुझ्यावर चालवते! हसला नाही. एरवी अशा गोष्टीला हसतो.

१० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी खुर्ची काढली.

लाकूड जुनं. घाव उलटे, बरोबर. जांभळ्या दिव्याखाली सांध्यातला सरस जुन्या सरसासारखा निळसर पांढरा उजळला, तोही बरोबर. दादाच्या पुस्तकात लिहिलेल्या सगळ्या परीक्षांत पास. मी चहा मागवला.

मग सवयीने बोटांच्या खुणा शोधल्या.

या धंद्यात माझं स्वतःचं म्हणावं असं एवढंच आहे. बाकी सगळं दादाचं. बाहुली खुर्चीत बसून खुर्ची झिजत नाही. तिला वजन कुठलं, कोपरं टेकायची सवय कुठली! खुर्ची झिजते ती खेळणाऱ्या मुलीच्या बोटांनी. मुलगी खुर्ची उचलते ती पाठीच्या वरच्या काठाला चिमटीत धरून. म्हणून पॉलिश तिथलं आधी जातं, पुढून आणि मागून, अंगठ्याएवढं. डावऱ्याच्या सगळ्या खुर्च्यांवर ते आहे. यावर लेख लिहिला तेव्हा दादाने फोन करून ‘शाबास’ म्हटलं होतं आणि लगेच फोन ठेवून दिला होता.

या खुर्चीच्या पाठीचा काठ कोरा आहे. झिजलेत ते हात, जिथे माणूस कोपर टेकतो तिथे. बैठकीची पुढची कड झिजलीय. खालची आडवी पट्टी झिजलीय, जिथे पाय ठेवतात.

कोण बसलं होतं त्या खुर्चीत? चार बोटांच्या खुर्चीत कोण बसणार!

चहा तसाच निवला.

११ नोव्हेंबर

खुर्चीच्या हाताखाली भिंग धरून बघितलं. सांध्यात खालच्या बाजूने लाकडाची खुंटी मारलीय. खिळा नाही. काडीच्या टोकाएवढी खुंटी, पण तिरकी छाटलेली.

अण्णा, आमचे वडील, खिळा मारू देत नसत. आमच्या दुकानात मोडक्या खुर्च्या यायच्या, खऱ्या, माणसांच्या. अण्णा सांधे करायचे, दादा खुंट्या अशाच तिरक्या छाटायचा, मी खुर्च्यांचे हात घासायचे, जुन्याला जुनं मिळावं म्हणून. ‘कोपराजवळ जास्त घास, पोरी, माणूस तिथे टेकतो.’ हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. दादानेही ऐकलंय.

खुर्ची दादाने केलीय. फोटोतली बघून, जुन्या लाकडात, घाव मुद्दाम उलटे घालून.

१२ नोव्हेंबर

नाही लिहीत.

१३ नोव्हेंबर

संताप संताप झाला आज. घाईसाहेबांवर ओरडले, रखवालदारावर ओरडले. दादावर ओरडायचं होतं. मला साध्या एका कपबशीच्या तारखेवरून त्याने सगळ्यांसमोर झापलं होतं! ‘अंदाज लिहायचा नाही. माहीत नसेल तर माहीत नाही लिही.’ आणि हा काय लिहून बसला?

संध्याकाळी बाकीच्या वस्तू पुन्हा मांडल्या. पाळणा, टेबल, कपाट, साध्या खुर्च्या. परत सगळ्या उलट्या करून बघितल्या. त्या डावऱ्याच्याच. एकाच माणसाच्या, डावखुऱ्या. दादाचं म्हणणं खरंच होतं! पहिल्यापासून खरं होतं. कोणी ऐकेना, म्हणून त्याने खऱ्याला खोटा पुरावा करून दिला. मूर्ख! एवढा हुशार आणि एवढा मूर्ख!

मग राग कुठे गेला कळलं नाही. रडूच आलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

घाईसाहेब दारात उभे. ‘बाई, एक सही. एका सहीला किती दिवस? पाटी रंगवायला द्यायचीय.’ मी म्हटलं, खुर्ची राहिलीय. ते म्हणाले, ‘अहो, तीच तर सगळ्यांना माहितीये! तिचं काय तपासायचं?’

खरं लिहिलं तर दालन नाही. पुस्तक गेलं. वर्तमानपत्रात दोन ओळी येतील, जे तेव्हा हसले ते म्हातारे पुन्हा हसतील. आणि नळी लावलेल्या माणसाला हे जाऊन कोण सांगणार? मीच.

खोटं लिहिलं तर माझं मी बघून घेईन.

१८ नोव्हेंबर

दादाकडे. ठरवून गेले होते की विचारायचं. तोंड उघडलं आणि म्हटलं, ‘उशी नीट करू का?’

तोच म्हणाला, ‘पाहिलीस?’

‘चाललंय अजून.’

‘लपवू नकोस हं काही.’ माझं मनगट धरलं. हात कसला, नुसती हाडं. डोळ्यांत भीती होती, मला स्पष्ट दिसली. जन्मभर मला भेवडावणारा माणूस मला भितो! मला ते बघवेना. बसचं कारण सांगून निघाले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सही केली. ‘सर्व वस्तू एकाच कारागिराच्या, अस्सल. आरामखुर्चीसह.’ ‘सह’ लिहिताना पेन अडलं, दुसरं घेतलं.

२२ नोव्हेंबर

सांगितलं त्याला. ‘दादा, सगळं अस्सल. खुर्चीसुद्धा. सही करून टाकली.’

त्याने मान माझ्याकडे वळवली. ‘नीट पाहिलीस?’

‘डोळ्यांत तेल घालून!’

‘बरं,’ म्हणाला आणि डोळे मिटले. सुटला बिचारा! जिना उतरताना मला अगदी हलकं वाटलं. खोटं बोलून इतकं बरं वाटतं हे माहीत असतं तर आयुष्यभर जरा जास्त बोलले असते.

२७ नोव्हेंबर

दादा गेला. पहाटे. झोपेतच.

२ डिसेंबर

माणसं येतात, बसतात, जातात. जो तो म्हणतो, काय नजर होती हो त्यांची! मी मान हलवते. वहिनी एकदा माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होत्या, मग पाणी आणायला उठल्या.

५ डिसेंबर, शुक्रवार

दालन उघडलं. पाटीवर दादाचं नाव, सोनेरी अक्षरांत. घाईसाहेबांचं भाषण लांबलं, जन्मात पहिल्यांदाच त्यांना घाई नव्हती. मधल्या काचेत खुर्ची, वरून दिवा. एक लहान मुलगी काचेला नाक लावून उभी होती. आईला म्हणाली, ‘हिच्याशी कोणी खेळलंच नाही वाटतं.’ आई म्हणाली, ‘हात लावू नकोस.’ मी मागच्या दाराने निघून आले.

९ डिसेंबर, मंगळवार

वहिनींकडे गेले होते, दादाची उरलेली औषधं दुकानात परत करायला आणायची होती. त्याच म्हणाल्या, ‘वन्सं, आता सांगते. खुर्ची यांनी केली होती. मला माहीत होतं. जगाला सांगायला यांना तोंड नव्हतं. तुमचा तो बोटांचा लेख आला ना, तेव्हापासून म्हणायचे, धाकटीला दिसेल, ती सोडायची नाही, ती सांगेल आणि मी सुटेन. म्हणून तर तुम्हालाच मागितलं. तुम्ही सही केली म्हणून सांगून गेलात, त्यानंतर जेवले नाहीत. म्हणाले, तिलाही दिसलं नाही गं. आता कोण सांगणार?’

दिसलं होतं. पहिल्याच दिवशी दिसलं होतं.