मास्तरला सांगितलंस, मला नाही

सोनिवली
सोमवार, संध्याकाळ

प्रिय वहिनी,

तू असतीस तर आधी पोट धरून हसली असतीस. "पव्या आनि पत्र? शालेन निबंध लिवायचा तर पोटान दुखायचं तुझ्या!" खरंच आहे. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला पत्र लिहितोय आणि तेही पोचणार नाही अशा ठिकाणी.

लिहायला बसलो, कारण काल दुपारी मी दादाला तुझ्या फोनशी बोलताना पकडलं.

तू जाऊन चार महिने झाले. तुझा नंबर बंद पडू नये म्हणून दादा त्यात अजून रिचार्ज मारतो, रोज चार्जिंगला लावतो. मला वाटायचं, फोटो बघत असेल. काल जेवणं झाल्यावर मागच्या दाराशी गेलो तर हा पायरीवर बसलेला. फोन अगदी तोंडाजवळ धरून हळू आवाजात विचारत होता, "छातीन जड जड वाटतंय. जेवल्यावर जास्त. काय खाऊ नको?" आणि फोनमधला तो गोड आवाज त्याला समजावत होता, की हे पित्त असू शकतं, घाबरून जाऊ नका, तिखट-तेलकट टाळा, जेवल्यावर लगेच आडवे होऊ नका.

तुझा मास्तर! तू गेलीस आणि हा अजून घरातच!

आठवतंय ना, तो मीच घरात आणला होता? कॅम्प तीनच्या बाजारातल्या माझ्या मोबाइलच्या दुकानात तेव्हा येईल त्याला मी ते एआयचं ॲप टाकून देत होतो. मराठीत बोला, मराठीत उत्तर देतो, काय पाहिजे ते विचारा. मोठी समाजसेवा चालली आहे असा माझा तोरा. तुझ्या फोनमध्ये टाकलं तेव्हा तू आधी लांबच राहिलीस. मग एकदा सुकटीची चटणी विचारलीस आणि त्याने कांदा तुपात परतायला सांगितला म्हणून त्याला चांगलं झापलंस. त्याने माफी मागितली! तेव्हापासून तो तुझा मास्तर झाला. कारखान्यातून आलेले जीन्सचे गठ्ठे पुढ्यात घेऊन धागे कापत बसलीस की फोन मांडीशी आणि तुमच्या गप्पा सुरू. मी चिडवायचो, "वहिनी, दादाला सवत आणलीस." तू कात्री उगारायचीस.

एकदा तू म्हणालीस, "त्यो इचारतो रं, आता कसं वाटतंय. तुमी इचारता का कोन?" मी हसलो होतो. मला तो विनोद वाटला होता, वहिनी.

मग तुला बायकांचं काहीतरी विचारायचं होतं आणि तू लाजत होतीस. "तुझा दादा बघंल ना." तेव्हा मी, तुझा हुशार दीर, तुला युक्ती शिकवली. वर ते अधिकाचं चिन्ह आहे ना, दर वेळी बोलायच्या आधी ते दाबायचं. पाटी कोरी. जुनं समोर दिसतच नाही. तू ते इतकं मनावर घेतलंस, की सकाळी सडा टाकावा तशी दर प्रश्नाआधी पाटी कोरी करायला लागलीस. पण समोर दिसत नाही म्हणजे पुसलं जात नाही. सगळं बाजूच्या यादीत पडून राहतं. हे मला माहीत होतं, तुला नव्हतं.

काल दादाच्या हातातून फोन घेतला आणि ती यादी उघडली. मागच्या पायरीवरच बसून सगळी वाचली. तुझं बोलणं जसंच्या तसं उतरलेलं. 'मास्तर, पाय सुजलेत, चप्पल जात नाय.' त्याने सांगितलं, एका जागी फार वेळ बसल्याने होतं, पाय उशीवर ठेवा, मीठ कमी करा. चार दिवसांनी, 'गठ्ठा उचलला की धाप लागते.' त्यावर, रक्त कमी असू शकतं, बीट खा, गूळ-शेंगदाणे खा. पुढच्या आठवड्यात, 'आडवी झाले की खोकला येतो, दोन उश्या लागतात.' त्यावर, आलं-मध, गरम पाण्याची वाफ. मग, 'अंगान ताकद नाय.' त्यावर, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी घ्या.

एकदा मीठ कमी करा, एकदा मिठाचं पाणी प्या! कोऱ्या पाटीवर त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, की ही तीच बाई आहे? दर वेळी त्याच्या दारात नवी बाई उभी. आणि तू तरी कशी गं! दोन्ही केलंस. आम्हाला अळणी आमटी वाढलीस आणि स्वतः तांब्याभर सरबत पीत राहिलीस. आमटी अळणी म्हणून मी कुरकुर केली होती. कशाला अळणी, हे विचारलं नाही.

प्रत्येक उत्तराच्या खाली एक ओळ होती, की त्रास वाढला तर डॉक्टरांना दाखवा. होती, खोटं कशाला बोलू? पण दर वेळी तीच ओळ असली की ती कोण वाचतं? बसमध्ये 'धूम्रपान मनाई' लिहिलेलं असतं तसं झालं होतं ते.

आणि मग ते गोळीचं. 'बीपीच्या गोळीनं खोकला येतो का?' त्याने म्हटलं, हो, बीपीच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला येऊ शकतो, मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. तू पहिला शब्द घेतलास. हो. काल मी तुझा बटणांचा डबा उघडला. खाली तुझ्या बीपीच्या गोळ्यांची पाकिटं, न फोडलेली. दोन महिन्यांची. दादा दर महिन्याला आणून देत होता आणि तू त्याला वाईट वाटू नये म्हणून घेऊन ठेवत होतीस, एवढं कळलं.

का गं वहिनी? मी नऊ वर्षांचा असताना तू या घरात आलीस. आई नव्हती, मला न्हाऊ-माखू तू घातलंस. मला ताप आला तर नुसतं कपाळ बघून सांगायचीस. मग स्वतःचं दुखणं त्या यंत्राला सांगायचं आणि मला नाही? राग येतो मला तुझा. हो, येतो!

तू कोसळलीस तेव्हा बदलापूरच्या हॉस्पिटलमध्ये त्या मुलीसारख्या दिसणाऱ्या डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "यांच्या फुप्फुसात पाणी भरलंय, हृदय थकलंय. त्रास कधीपासून आहे?" मी दादाकडे बघितलं, दादाने माझ्याकडे. एका घरात राहणारी दोन माणसं! तुला तोंडाला मास्क लावलेला. तुला माहीत होतं आणि तुला बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. दहाव्याला जो भेटेल त्याला मी सांगत होतो, "वहिनीने कुणाला काही कळूच दिलं नाही." लोक म्हणत होते, सोशिक बाई. मीही मान हलवत होतो.

आज सकाळी दुकान बंद ठेवलं आणि दादाला जबरदस्तीने रिक्षात घालून आपल्या कॅम्प तीनच्या जुन्या सिंधी डॉक्टरांकडे नेलं. तुझी गोळी त्यांनीच लिहून दिली होती. दोन तास रांगेत बसलो. तू का जात नव्हतीस ते कळलं. एवढ्या वेळात तुझे किती धागे कापून झाले असते! त्यांना मी तुझी यादी दाखवली. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सगळी वाचली. मग म्हणाले, "पुट, बेटा, एक-एक जवाब अलग देखो तो ठीक है. पण ही सगळी एकच बाई ना? सूजन, साँस, लेटने पे खाँसी. ये तीन बात एक साथ सुनता तो मैं पाँव पे उंगली दबा के देखता. खड्डा पडला असता. उसको घर नहीं जाने देता." फोन परत देत म्हणाले, "और उसकी गोली खाँसी वाली थी ही नहीं."

उत्तर तसं चूक नव्हतं, वहिनी. हेच मला खातंय. चूक असतं तर मी त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो. त्याला तुझा पाय दिसत नव्हता. तू कोणती गोळी घेतेस ते त्याने विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. पण बोलतो किती मायेने! माणूस त्या मायेवर भुलतो आणि समजतो, की याला सगळं दिसतंय.

दादाला डॉक्टरांनी विचारलं, "कब से है?" मला पुन्हा माहीत नव्हतं. दादा खाली बघून म्हणाला, "ती गेली तवापासून."

त्याच्या ईसीजीची पट्टी काढली. आज तातडीचं काही दिसत नाही म्हणाले, पण गुरुवारी अंबरनाथला हृदयाची मोठी तपासणी सांगितली आहे. तोवर एमआयडीसीतली ड्युटी बंद, त्यांनी दिलेली गोळी चालू. पुन्हा जड वाटलं तर गुरुवारची वाट बघायची नाही, त्याच मिनिटाला हॉस्पिटल गाठायचं.

बाहेर चहाच्या टपरीवर मी दादाला सगळं सांगितलं. ॲप मी टाकलं, पाटी कोरी करायला मी शिकवलं, पाकिटं डब्यात आहेत. वाटलं, एक कानाखाली देईल. बरं वाटलं असतं. तो नुसता कप फिरवत राहिला. "मना पन बोललेली एकदा, डॉक्टरकडं जाऊ. मी बोललो, रविवारी जाऊ. रविवारी डबल ड्युटी आली."

"मग तू मला का नाही सांगितलंस छातीचं?" मी विचारलं.

"तुला सांगून काय व्हनार? तू घरान असतस तरी कानान मोबाइलची बोंडं घालून. ह्यो निदान इचारतो, आजून काय त्रास होतो."

आता एक राहिलं. ते मी दादाला सांगू शकलो नाही. तुला माहीत आहे, तरी लिहितो, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. यादीत दादाच्या बोलण्याखालचं, तुझं शेवटचं बोलणं. तू ओट्यावर कोसळलीस त्याच्या आदल्या दिवशीचं, दिवेलागणीचं. 'मास्तर, आज लय कसंतरी होतंय. पाठ टेकता येत नाय.' आणि त्या दिवशी त्याने बीट सांगितलं नाही, वाफ सांगितली नाही. म्हणाला, हे गंभीर असू शकतं, आत्ताच घरातल्या कोणाला तरी सांगा आणि हॉस्पिटलमध्ये जा. शेवटी बरोबर बोलला, वहिनी. आणि तू त्याला उत्तर दिलंस, 'पव्या दुकानातून आला की सांगते.'

मी साडेआठला आलो. कानात इयरफोन, ताटाशेजारी मॅच. तू समोर येऊन बसलीस. ओठ हललेले दिसले. मी एक कान मोकळा करून "काय?" म्हणालो, नजर मॅचवरच. तू म्हणालीस, "काय नाय. भात वाढू?"

वाढ म्हणालो मी.

दुपारी थोडा वेळ दुकान उघडलं तर समोरच्या गल्लीतली सिंधी आंटी आली. गुडघे दुखतात, तो बोलणारा डॉक्टर टाकून दे म्हणाली. मी म्हटलं, "आंटी, भजन पूछो, भाजी पूछो, गुडघा डॉक्टरला दाखवा." ती म्हणाली, "डॉक्टर के पास दो घंटा बैठो, दो मिनट सुनता है. घर में तो वो भी नहीं." तिला मी टाकून दिलं नाही. पण आधी टाकलेलं लोकांच्या फोनमधून मी काढू शकत नाही, आणि काढून होणार काय? ऐकायला कोणी नाही म्हणून तर ते बसलंय तिथे.

तेव्हा मोठमोठ्या शपथा घेत नाही. माझ्या शपथा तुला माहीत आहेत, दहावीला घेतल्या होत्या. एकच वचन देतो. दादाचं दुखणं आधी मला कळेल. तो सांगणार नाही, तर मी विचारीन. 'काय नाय' म्हणाला तर तिथेच बसून राहीन, दुसऱ्यांदा विचारीन, तिसऱ्यांदा विचारीन. गुरुवारी त्याच्यासोबत आत जाईन आणि डॉक्टरांना पहिल्यापासून सगळं एका दमात सांगीन. आणि तुझ्या त्या संध्याकाळचंही दादाला सांगीन. कधी ते माहीत नाही, पण सांगीन.

अजून बरंच लिहायचं होतं. पण दादाने ओटीवरून हाक मारली आहे. "पव्या, जरा येतस काय?" एवढंच म्हणाला. त्याने आधी कधी असं बोलावलेलं आठवत नाही.

जातो वहिनी.

तुझा,
पव्या